‘बगल्स’, काळी एक आणि गणेशोत्सवाचं स्टेज

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ या गाण्यावरचा लेख वाचला. इंदूरच्या मराठी पेपरात कुणी हा विषय काढला याचाच आधी आनंद झाला. ऑर्केस्ट्रात ‘औवा औवा’ सुरू झालं की खुर्च्या रिकाम्या होतात, पण ती चाल मुळात बगल्स या ब्रिटिश बँडच्या याच गाण्याची आहे हे नाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. मात्र लेखात तीन गोष्टी चुकल्या आहेत. बगल्स हा ‘एका गाण्यात संपलेला तिघांचा बँड’ होता असं म्हटलं आहे. गाण्याचा व्हिडिओ एमटीव्हीसाठी काढला असं म्हटलं आहे. आणि टेलिफोनमधून आल्यासारखा तो पुरुषी आवाज ‘कॉम्प्युटरची करामत’ असल्याचं म्हटलं आहे. आम्ही शहरातल्या ऑर्केस्ट्रांचे कीबोर्ड, पॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) आणि साउंड सांभाळणारी मंडळी. पहिल्या दोन चुका कागदावरच्या आहेत. तिसरीमुळे दर गणेशोत्सवात स्टेजवर या गाण्याची माती होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात टीना चार्ल्स या ब्रिटिश गायिकेपासून करावी लागते. १९७६ साली तिचं ‘आय लव्ह टू लव्ह’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याचा निर्माता बिद्दू, म्हणजे आपला बंगळूरचा. १९८० साली ‘कुर्बानी’तलं ‘आप जैसा कोई’ त्याचंच. टीनाच्या साथीच्या बँडमध्ये बास गिटारवर ट्रेव्हर हॉर्न होता, आणि त्याच बँडच्या चाचणीला कीबोर्डवाला जेफ डाउन्स आला. एक डरहॅमकडचा, दुसरा स्टॉकपोर्टचा. दोघांचीही रोजीरोटी दुसऱ्यांच्या गाण्यांवर चालायची: साथ करायची, डेमो वाजवायचे, जिंगल्स करायच्या. १९७७ साली ब्रूस वूली या गिटारवाल्या गीतकाराला बरोबर घेऊन त्यांनी स्वतःची गाणी करायला घेतली. त्या त्रिकुटाचं नाव बगल्स.

‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ तिघांनी १९७८ मध्ये डाउन्सच्या विंबल्डन पार्कमधल्या घरी एका दुपारी लिहिलं. मागे दोन प्रेरणा होत्या. एक जे. जी. बॅलर्डची १९६० सालची ‘द साउंड-स्वीप’ ही कथा. तिच्यात एक मुका मुलगा शहरात साचलेले आवाज यंत्राने शोषून साफ करत फिरतो आणि जिला आता कुणी ऐकत नाही अशा एका ऑपेरा-गायिकेशी त्याची गाठ पडते. दुसरी प्रेरणा जर्मनीच्या क्राफ्टवेर्कचा ‘द मॅन-मशीन’ हा अल्बम. गाण्याच्या पहिल्याच ओळीत १९५२ साल येतं, त्या साली रेडिओवर ऐकलेल्या गायकाची आठवण म्हणून. हा निव्वळ योगायोग, पण आपल्याकडेही रेडिओच्या दृष्टीने १९५२ हे मोठं वर्ष. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली आणि रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली ती त्याच साली. आमचं इंदूरचं आकाशवाणी केंद्र, मालवा हाउस, तर तेव्हा सुरूही व्हायचं होतं.

आता ‘तिघांचा बँड’ या चुकीकडे. गाण्याचा डेमो टीना चार्ल्सने गायला होता आणि तो घेऊन कंपन्यांचे उंबरठे झिजवणं चालू होतं. तेवढ्यात वूलीला वेगळा करार मिळाला. त्याने कॅमेरा क्लब नावाचा बँड उभा केला (कीबोर्डवर तरुण थॉमस डॉल्बी होता) आणि हेच गाणं स्वतःच्या ‘इंग्लिश गार्डन’ या अल्बमवर घेतलं. म्हणजे १९७९ मध्ये एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या निघाल्या. आयलंड रेकॉर्ड्सने बगल्सना करारबद्ध केलं तेव्हा हॉर्न आणि डाउन्स हे दोघंच उरले होते. गीतकार तिघं, बँड दोघांचा. वूलीची आवृत्ती ऑर्केस्ट्रावाल्यांनी मुद्दाम मिळवून ऐकावी. ती गिटार, बास, ड्रम आणि कीबोर्ड घेऊन उभ्या राहिलेल्या बँडची आहे, त्यामुळे चार वादकांना ती आहे तशी वाजवता येते. बगल्सची येत नाही.

का येत नाही, हे ध्वनिमुद्रणात आहे. गाण्याचा तालाचा पाया लंडनच्या टाउन हाउस स्टुडिओत बांधला गेला आणि आवाज, मिक्सिंग वगैरे काम पूर्व लंडनमधल्या सार्म ईस्टमध्ये गॅरी लँगन या ध्वनिअभियंत्याबरोबर झालं. एका दुपारी लिहिलेलं गाणं, पण त्यावर पुढे कित्येक आठवडे खर्ची पडले. हॉर्नची मागणी अशी की वाजणारा प्रत्येक सूर यंत्रासारखा नेमका हवा. पण ते यंत्र नव्हतं! ड्रमवर पॉल रॉबिन्सन नावाचा हाडामासाचा वादक आहे, बास स्वतः हॉर्नने वाजवला आहे, आणि वरचे ‘ओ-ओ’ म्हणणारे आवाज लिंडा जार्डिम आणि डेबी डॉस या दोन गायिकांचे आहेत. माणसांकडून यंत्रासारखं वाजवून घ्यायचं आणि पुन्हा पुन्हा मिक्स करायचं, असा तो उद्योग होता.

आणि तो टेलिफोनचा आवाज. हॉर्नचं गायन व्हॉक्स एसी-३० या गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून काढलं होतं. एसी-३० म्हणजे व्हॉल्व्हचा, ३० वॉटचा, १२ इंची दोन स्पीकरचा ब्रिटिश ॲम्प. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर काही वाजवतच नाही, खालची गडगडही फारशी देत नाही, आणि व्हॉल्व्हवर ताण आला की आवाजाला थोडी खरखर चढते. या तिन्हींमुळे माणसाचा गळा जुन्या वायरलेसमधून आल्यासारखा वाटतो. कॉम्प्युटरचा यात काही संबंध नाही.

स्टेजवर हा आवाज करायचा असेल तर दोन रस्ते आहेत. डिजिटल मिक्सर असेल तर काम सोपं. टेलिफोनची पट्टी ३०० ते ३४०० हर्ट्झची असते. गायकाच्या चॅनेलला लो-कट (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) ३०० ते ४०० हर्ट्झवर ठेवा, हाय-कट (वरचे कापणारा) ३ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि दोन्हींचा उतार सप्तकामागे २४ डेसिबलचा घ्या. १२ डेसिबलचा उतार ठेवला तर छातीतला आवाज शिल्लक राहतो आणि लोकांना वाटतं माइक खराब आहे. मग १ ते १.५ किलोहर्ट्झवर ४ डेसिबल चढवा, कॉम्प्रेसर (आवाजाचे चढ दाबणारा) ४:१ वर ठेवून ५-६ डेसिबल दाबा, आणि मिक्सरमध्ये ओव्हरड्राइव्ह असेल तर अगदी चिमूटभर. साध्या ॲनालॉग मिक्सरवर मात्र बेसचं बटण पूर्ण डावीकडे आणि ट्रेबलचंही पूर्ण डावीकडे फिरवून हे जमत नाही. ती बटणं ८० हर्ट्झ आणि १२ किलोहर्ट्झच्या आसपासची असतात. मधलं सगळं तसंच राहतं आणि आवाज टेलिफोनचा न होता नुसता गोधडीखालचा होतो.

दुसरा रस्ता हॉर्नचाच: गिटारचा छोटा ॲम्प. गायकाचा चॅनेल एका ऑक्समधून (मिक्सरमधून बाहेर जाणारी वेगळी वाट; ती प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीची हवी) बाहेर काढा, ॲम्पला द्या, ॲम्पच्या स्पीकरसमोर दोन-तीन इंचांवर एक डायनॅमिक माइक ठेवा आणि तो माइक मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलवर आणा. मूळ चॅनेल मुख्य आउटपुटवरून काढून टाका, नाहीतर साधा आवाज आणि टेलिफोनचा आवाज एकत्र वाजतात आणि सगळी मेहनत वाया जाते. ऑक्सचं आउटपुट सरळ गिटारच्या ॲम्पमध्ये खुपसू नका. ते लाइन पातळीचं असतं, ॲम्पचं इनपुट गिटारच्या बारीक सिग्नलसाठी असतं. आवाज नको तितका फाटतो आणि वर अर्थ लूपची घरघर येते. मध्ये री-ॲम्प बॉक्स (लाइनचा सिग्नल गिटारसारखा करून देणारी डबी) हवा. तो नसेल तर ट्रान्सफॉर्मरचा पॅसिव्ह डीआय (वाद्य मिक्सरला जोडायची डबी) उलटा लावला तरी चालतो, पण त्याच्या एक्सएलआरला (माइकच्या तीन पिनांच्या सॉकेटला) मेल पिना असतात, म्हणून फीमेल-टू-फीमेल जोड खिशात ठेवावा लागतो. बॅटरीचा किंवा फँटमवर (मिक्सरकडून येणाऱ्या विजेवर) चालणारा ॲक्टिव्ह डीआय उलटा चालत नाही.

दोन्ही रस्त्यांवर शिटी (फीडबॅक) हाच शत्रू. टेलिफोनच्या आवाजात आपण नेमकी १ ते ३ किलोहर्ट्झची पट्टी चढवतो आणि मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला स्पीकर) नेमका तिथेच शिटी मारतो. त्यामुळे हा बदललेला आवाज गायकाच्या मॉनिटरमध्ये अजिबात देऊ नका. त्याला त्याचा साधा आवाजच ऐकवा. यात दुसराही फायदा आहे. पातळ आवाज कानावर पडला की गायक घाबरून ओरडायला लागतो आणि गाणं बिघडतं, कारण हॉर्न हे कडवं जवळजवळ बोलल्यासारखं म्हणतो. गिटारचा ॲम्प स्टेजमागे, पडद्याच्या पलीकडे, तोंड भिंतीकडे करून ठेवावा. काही गायक जुना रेडिओ वाटावा म्हणून नाकातून गातात. त्यांना आधीच सांगून ठेवावं की ते काम तारांचं आहे, नाकाचं नाही.

आता पुन्हा मूळ हकिकतीकडे. सिंगल (एका गाण्याची छोटी तबकडी) सप्टेंबर १९७९ मध्ये निघालं. मागच्या बाजूला ‘किड डायनॅमो’. २० ऑक्टोबरच्या यादीत ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. आधी तिथे पोलिस या बँडचं ‘मेसेज इन अ बॉटल’ होतं आणि आठवड्याभरातच लेना मार्टेलच्या ‘वन डे ॲट अ टाइम’ने जागा घेतली. ऑस्ट्रेलियातही ते पहिलं होतं. अमेरिकेत मात्र ४०व्या क्रमांकापुढे गेलं नाही. एमटीव्हीच्या कथेत (ती लगेच पुढे येते) हा आकडा नेहमी गाळला जातो.

व्हिडिओ रसेल मल्काही या दिग्दर्शकाने १९७९ मध्येच लंडनमध्ये काढला, गाण्याच्या प्रचारासाठी. एमटीव्ही तेव्हा अस्तित्वातच नव्हती. त्यात काळ्या कपड्यांत कीबोर्डवर दिसणारा पोरगा म्हणजे हान्स झिमर, जो पुढे हॉलिवूडचा बडा संगीतकार झाला. १ ऑगस्ट १९८१ रोजी मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटाने न्यू जर्सीतल्या केबलवर एमटीव्ही सुरू झाली आणि पहिला व्हिडिओ म्हणून हाच लावला गेला. गाणं तेव्हा जवळपास दोन वर्षांचं जुनं होतं, अमेरिकेत फारसं न चाललेलं होतं, आणि बगल्समधला डाउन्स तर निघून गेला होता. तो का गेला ते पुढे येतं.

जानेवारी १९८० मध्ये ‘द एज ऑफ प्लास्टिक’ हा अल्बम आला. आठ गाणी, दोन बाजूंना चार-चार. ब्रिटनच्या यादीत २७वा क्रमांक. अल्बमवरचं ‘व्हिडिओ’ सिंगलपेक्षा लांब आहे: सिंगल ३ मिनिटं २५ सेकंदांचं, अल्बमवरचं ४ मिनिटं १३ सेकंदांचं, कारण शेवटी पियानोची शेपटी जोडलेली आहे. (ऑर्केस्ट्राने सिंगलचीच लांबी धरावी. त्या शेपटीत नाचणारे खुर्च्यांकडे परततात.) पुढच्या तीन सिंगल्सचे क्रमांक पाहा: ‘लिव्हिंग इन द प्लास्टिक एज’ १६, ‘क्लीन, क्लीन’ ३८, ‘एल्स्ट्री’ ५५. म्हणजे ‘एका गाण्यात संपले’ हे खरं नाही, पण उतार स्पष्ट आहे. आमच्या मते ‘एल्स्ट्री’ हे त्यातलं सर्वांत चांगलं गाणं. सिनेमाच्या स्टुडिओत छोट्या भूमिका करणाऱ्या नटाचं आहे आणि त्यातला पियानो ‘व्हिडिओ’पेक्षा समंजस आहे. ५५व्या क्रमांकावर ते का अडकलं हे कळायला कठीण नाही. बगल्स गावोगाव जाऊन वाजवत नव्हते. दोन माणसं, आणि एकेका गाण्यात दहा-वीस थर! टीव्हीवर रेकॉर्ड लावून ओठ हलवता येतात, सभागृहात नाही. दौरा नाही म्हणजे गाण्यामागे गाणं ऐकायला थांबणारा श्रोताही नाही.

मग घडलं ते अजबच. त्याच काळात येस या बड्या बँडमधून गायक जॉन अँडरसन आणि कीबोर्डवाला रिक वेकमन बाहेर पडले होते. येस आणि बगल्सचा व्यवस्थापक एकच, ब्रायन लेन. त्यातून हॉर्न आणि डाउन्स दोघंही थेट येसमध्येच भरती झाले. ऑगस्ट १९८० मध्ये त्यांच्यासह केलेला ‘ड्रामा’ हा अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. स्टुडिओत हॉर्नला काही अडचण नव्हती. अडचण दौऱ्यात आली. अँडरसनचा गळा पुरुषांत दुर्मीळ असा उंच, आणि जुनी गाणी लोकांना मूळ पट्टीतच हवी होती. रेकॉर्डवर एक ओळ दहा वेळा गाऊन त्यातली चांगली निवडता येते. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ती सोय नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच गायचं असतं. हॉर्नचा आवाज बसत गेला, ब्रिटनमधल्या कार्यक्रमांत काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, आणि डिसेंबर १९८० मध्ये दौरा संपल्यावर तो बँडही फुटला. किशोरकुमारची गाणी रोज त्याच पट्टीत गाणाऱ्या आपल्या ऑर्केस्ट्राच्या गायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पट्टी अर्ध्या स्वराने उतरवली तरी रसिक ओळखतात, आणि उतरवली नाही तर दहाव्या दिवशी गळा उतरतो.

१९८१ मध्ये दोघं दुसऱ्या अल्बमकडे वळले आणि काम सुरू होतानाच डाउन्स निघून गेला. येसचा गिटारवाला स्टीव्ह हाऊ, जॉन वेटन आणि कार्ल पामर यांच्याबरोबर त्याने एशिया हा बँड काढला. १९८२ चा त्यांचा पहिला अल्बम अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. डाउन्सला दौरे आवडत होते, हॉर्नला स्टुडिओ. भांडण शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. दुसरा अल्बम, ‘ॲडव्हेंचर्स इन मॉडर्न रेकॉर्डिंग’, हॉर्नने बहुतांश स्वतःच्या बळावर पुरा केला. आयलंडने हात काढून घेतल्यामुळे तो नोव्हेंबर १९८१ मध्ये करेअर या कंपनीने काढला. ब्रिटनच्या यादीत तो शिरलाच नाही. त्यातलं ‘आय ॲम अ कॅमेरा’ म्हणजे ‘ड्रामा’वरचं ‘इंटू द लेन्स’ याचीच बगल्सने केलेली मांडणी. दोन्ही एकापाठोपाठ ऐका: येसच्या आवृत्तीत पाच वादकांची धावपळ आहे, बगल्सच्या आवृत्तीत ती काढून टाकून नुसता गाभा ठेवला आहे. हॉर्नला काय येत होतं हे कुठल्याही मुलाखतीपेक्षा इथे जास्त कळतं. आणि कॉम्प्युटर म्हणाल तर तो इथे आहे: फेअरलाइट, म्हणजे आवाज नोंदवून ते कीबोर्डवर वाजवून देणारं यंत्र. १९७९ च्या गाण्यात नाही, १९८१ च्या अल्बमवर. लेखकाची गल्लत बहुधा इथूनच झाली असावी.

त्यानंतर बगल्स संपले आणि हॉर्न निर्माता झाला. डॉलर या जोडीची ‘हँड हेल्ड इन ब्लॅक अँड व्हाइट’ आणि ‘मिरर मिरर’ ही गाणी त्याने जुन्या मित्राबरोबर, ब्रूस वूलीबरोबरच लिहिली. १९८२ चा एबीसी या बँडचा ‘द लेक्सिकन ऑफ लव्ह’ हा अल्बम त्याचा. ज्या येसमध्ये त्याची हुर्यो झाली त्याच येसचं ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ (१९८३) त्याच्याच हाताखाली झालं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, गायक पुन्हा जॉन अँडरसन. मग फ्रँकी गोज टू हॉलिवूड या बँडचं ‘रिलॅक्स’, मग सील हा गायक. ही यादी लांबवण्यात अर्थ नाही, ती कुठेही सापडते.

आपल्याकडे ही चाल १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मधून आली. ‘औवा औवा, कोई यहाँ नाचे नाचे’, संगीत बप्पी लाहिरी, गायक स्वतः बप्पी आणि उषा उथुप. ‘ओ-ओ’ची हाक आणि मुखड्याची चाल सरळ उचललेली आहे, यात वाद घालण्यासारखं काही नाही. पण नुसतं ‘चोरी’ म्हणून आपल्या लेखकाने विषय संपवला, तो घाईचा निवाडा आहे. मूळ गाण्यात ही हाक दोन चमकदार, पातळ, वरच्या आवाजांची आहे. हिंदीत उषाताईंचा भरदार खालचा आवाज आहे, आणि त्यामुळे गाण्याचं वजनच दुसरीकडे जातं. मूळ गाण्यातली हळहळ गेली, पार्टी आली. रेडिओ, व्हिडिओ, हरवलेला गायक, यातलं काहीच हिंदीत उरत नाही.

हल्ली शहरातले बरेच ऑर्केस्ट्रा दोन्ही गाणी जोडून वाजवतात. मूळ गाण्याचं एक कडवं, मग ‘औवा औवा’. कल्पना चांगली, पण काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली पट्टी. मूळ गाणं डी फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे आपली काळी एक. हार्मोनियमवाल्याला काही वाटत नाही, गिटारवाल्याला वाटतं; त्याने पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सी-च्या कॉर्ड धराव्यात. कीबोर्डवाले ट्रान्सपोज अधिक एक करून पांढरी एकमध्ये वाजवतात आणि पुढच्या गाण्याआधी शून्यावर आणायला विसरतात. मग भक्तिगीत अर्धा स्वर वर सुरू होतं आणि गायक भर स्टेजवर कीबोर्डकडे डोळे वटारतो. ट्रान्सपोज रजिस्ट्रेशनमध्ये (कीबोर्डच्या मेमरीत, गाण्यागणिक) साठवून ठेवलं तर हा प्रसंग येत नाही. पुरुष गायकाच्या सोयीसाठी पट्टी दोन स्वरांनी उतरवू नका. कडवं सोपं होतं, पण बायकांच्या हाकेतली चमक जाते, आणि गाण्यात लोकांना तेवढंच तर ऐकायचं असतं.

दुसरा ताल. लय मिनिटाला १३२ च्या आसपास आहे. पॅडवरचे तयार डिस्को लूप बहुतेक त्याहून संथ असतात आणि त्यांत उघडी हाय-हॅट भरपूर असते. ते ताणून लावलं की गाणं ठेचकाळतं. पॅडवाल्या भियांना विनंती की लूप बंद ठेवून हाताने वाजवा, साधा ॲकॉस्टिक किट निवडा आणि पॅडचा रिव्हर्ब शून्यावर आणा. रेकॉर्डवरचा ड्रम कोरडा आहे. त्यात राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत समोरासमोरच्या भिंतींमुळे प्रतिध्वनी आपोआप मिळतो. वरून आणखी घातला तर किक आणि बास एकमेकांत कालवले जातात. खरा ड्रम असेल तर बेस ड्रमच्या आत घोंगडी घाला आणि माइक आत, बीटरपासून चार-पाच इंचांवर ठेवा. बास गिटारने किकच्या बरोबर पाय टाकायचा, अलंकार नाहीत.

तिसऱ्या त्या गायिका. रेकॉर्डवर दोघींचे आवाज थरावर थर चढवून दाट केले आहेत. ते साधायला साउंडवाले २०-३० मिलिसेकंदांचा डिले लावतात. हेडफोनमध्ये छान वाटतं, पण मंडळाचे स्पीकर आणि भोंगे मोनोवर जोडलेले असतात, आणि मोनोमध्ये मूळ आवाज व डिले एकमेकांना खातात. ऐकू येतो पाइपातून आल्यासारखा पोकळ आवाज. त्यापेक्षा दोघींनी एकच ओळ खरोखर एकत्र म्हणावी, आणि कीबोर्डवाल्याला गाता येत असेल तर त्यानेही म्हणावी. सुरांतला बारीक फरकच दाटपणा देतो. कडव्याच्या वेळी कीबोर्डचे पॅड (मागे धरून ठेवलेले लांब स्वर) १ ते २ किलोहर्ट्झमध्ये ३ डेसिबल उतरवा, नाहीतर टेलिफोनचा बारीक आवाज त्यांच्याखाली दिसेनासा होतो आणि साउंडवाला फेडर चढवत चढवत शिटीपर्यंत जातो.

बगल्सनी स्वतः ‘द एज ऑफ प्लास्टिक’ हा अल्बम लोकांसमोर सलग वाजवला तो थेट २८ सप्टेंबर २०१० रोजी, लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्हमध्ये, एका रुग्णालयाच्या मदतीसाठी. अल्बम निघाल्याला तोवर तीस वर्षं उलटली होती, आणि दोघांनी केलेल्या त्या गाण्यांसाठी स्टेजवर भरगच्च बँड उभा करावा लागला. २०२३ मध्ये हॉर्नने अमेरिकेत सीलच्या दौऱ्यात बगल्सच्या नावाने कार्यक्रम केले, तेही बँड घेऊनच. तेव्हा मंडळाच्या कार्यकर्त्यांनी चार जणांच्या संचाकडून या गाण्याची फर्माइश करू नये. गायक, दोन गायिका, दोन कीबोर्ड, बास आणि ड्रम एवढे तरी हवेत. नसतील तर वूलीची आवृत्ती वाजवावी. कार्यक्रमात बगल्सचं गाणं पहिलं ठेवू नका. रात्री दहाला स्पीकर बंद करायचे असतात म्हणून साउंड चेक उरकलेला असतो, आणि टेलिफोनचा चॅनेल पहिल्याच गाण्यात लावणं म्हणजे शिटीला आमंत्रण. मध्यंतरानंतर दुसरं किंवा तिसरं घ्या, आणि त्याच्या लगेच पुढे एखादी वाद्यधून ठेवा, म्हणजे साउंडवाल्याला गायकाचा चॅनेल पूर्वपदावर आणायला दोन मिनिटं मिळतात.

आपले,
इंदूरमधील काही ऑर्केस्ट्रा-वादक आणि ध्वनिसंयोजक